सुमनचं पुढं काय झालं

वडशाला बदली होऊन जेमतेम आठवडा झाला असेल, आणि मी एका गरोदर सुनेला न्याय मिळवून द्यायला निघालो. पाटबंधारे खात्यातल्या कारकुनाला न्याय देण्याची संधी सहसा येत नाही, त्यामुळे आली तशी ती मी सोडली नाही.

झालं होतं असं. आम्ही एका निवृत्त नर्सबाईंच्या घराचा वरचा मजला भाड्यानं घेतला होता. दिवाळी नुकतीच आटोपली होती. रविवारी दुपारी मी गॅलरीत लोळत पडलो होतो आणि खाली अंगणात बाई आणि गल्लीतल्या दोन बायका तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांचं बोलणं काही मी मुद्दाम ऐकलं नाही, पण कानाला झाकण नसतं.

"सुमनले सातवा लागला वो," बाई म्हणत होत्या, "अन् अशा दिवसात घरातून हाकललं तिले. पोत चोरली म्हणे. चोरली जावेनं, नाव लागलं सुमनचं."

"अन् नवरा?"

"नवरा उभा होता न तिथी. खांबाले टेकून. तोंड नाई उघडलं त्यानं."

"मग आता कुठी आहे ती?"

"तेच तं पाहून राह्यली मी," बाई म्हणाल्या आणि डोळ्याला पदर लावला.

मला राहवेना. बायकोला म्हटलं, खाली एवढं घडतंय आणि आपण वर पंख्याखाली बसायचं? ती म्हणाली, "अगोदर नीट विचारा तरी." पण नीट विचारून कोणी समाजकार्य केलं आहे? मी इस्त्रीचा शर्ट घातला आणि वॉर्डातल्या एका पुढारी भाऊंना गाठलं. त्यांचा शब्द कोणतंही सासर मोडत नाही, असं चहाच्या टपरीवर कळलं होतं. त्यांना घेऊन मी बाईंच्या अंगणात उभा राहिलो.

"बाई, तुम्ही काळजी करू नका," मी म्हणालो. "सुमनला आपण घेऊन येऊ. आमच्या वर एक खोली रिकामी आहे."

पुढारी भाऊंनी खिशातून पेन काढलं. "सासर कोणतं गाव जी?"

बाईंनी आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. सुपातला हात सुपात राहिला.

"गावाचं नाव दुसऱ्या अंकात तं नाई सांगतलं," त्या म्हणाल्या.

सुमन नाटकातली होती. गेल्या हंगामापासून आमच्या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत गाजत असलेल्या एका नाटकातली. पुढारी भाऊंनी पेन खिशात ठेवलं आणि जाताना मला नमस्कार केला. तो कोणत्या अर्थानं केला हे मी अजून ठरवलेलं नाही. पुढचे कित्येक दिवस मी भाजी आणायला निघालो की कोणीतरी विचारी, "काऊन साहेब, सुमनले आणलं का?"

पण बाई हसल्या नाहीत. त्यांनी मला पाट दिला, बसवलं आणि म्हणाल्या, "भाऊ, गावोगाव हजारो लोकांनी पाह्यलं ते नाटक. टाळ्या वाजवल्या अन् घरी गेले. घेऊन येऊ म्हणणारे तुम्ही पह्यलेच."

त्या दिवसापासून मी त्यांचा माणूस झालो.

आमच्याकडे धान निघालं की नाटकं लागतात. वडशात कंपन्यांची ऑफिसं आहेत, रस्त्यानं रंगीत फलक आहेत आणि गावोगावच्या कमिट्या येऊन प्रयोग ठरवून जातात. बैलांच्या शर्यतीचा शंकरपट असो की दिवाळीनंतरची मंडईची जत्रा असो, नाटकाशिवाय हंगाम होत नाही. सारं गाव मुरमुरे, चादरी आणि पोरंबाळं घेऊन मंडपात बसतं. बाई टॉर्च, पाण्याची बाटली आणि घडीची चटई घेऊन जात. मात्र त्या नाटक बघत ते आपल्यासारखं नाही. हिरो पुढे येऊन छाती बडवायला लागला की बाईंची नजर मागे ट्रे धरून उभ्या असलेल्या नोकराकडे.

"तो पाणी आणाले गेला," घरी परतताना त्या म्हणत, "तो आलाच नाई. कुठी गेला असन?"

आपण म्हणावं, बाई, त्याचं काम संपलं. बाईंना ते पटत नसे. दोन दिवसांनी त्या नोकराची पुढची गोष्ट कागदावर लिहून तयार असे. तो विहिरीपर्यंत गेला, तिथं त्याला वाटलं की या घरात नुसतीच भांडणं आहेत, मग बादली काठावर ठेवून तो सरळ मार्कंड्याच्या जत्रेला गेला, आणि आता तिथं वैनगंगेच्या वाटेवर त्याचं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. मालकाचा धाकटा मुलगा एकदा पंक्चर काढायला येतो आणि त्याला ओळखत नाही. ही गोष्ट मी ऑफिसात नेऊन वाचली. आमच्या शिपायाला मी पाणी आणायला पाठवणं त्या दिवसापासून बंद केलं.

बाईंची सारी नोकरी धानोऱ्याकडच्या जंगलातल्या आरोग्य उपकेंद्रात गेली. आधी पायी, मग सायकलवर, शेवटी शेवटी मोपेडवर. तिथून त्यांनी आणलेली एकच वस्तू व्हरांड्यात टांगलेली असे: नवजात बाळ तोलायचा आकड्याचा काटा. त्याची झोळी धुऊन धुऊन पांढरी झाली होती. भाजीवाल्याची वांगी बाई त्या झोळीत घालून पुन्हा तोलत आणि काट्याकडे बघत म्हणत, "वजन कमी आहे. जपा याले." भाजीवाला मुकाट्यानं एक वांगं वाढवी.

मी एकदा विचारलं, "बाई, दुसऱ्याचं नाटक, दुसऱ्याची माणसं. तुम्ही स्वतःचीच गोष्ट का नाही लिहीत?"

"बाळंतपण मी केलं म्हून लेकरू माझं होते का?" त्या म्हणाल्या. "तरी पाचव्या दिवशी घरी जाऊन पाह्यच लागते. टाके कसे आहेत, दूध येते का, सासू जेवाले देते का. डिस्चार्ज दिला म्हणजे काम संपलं, असं डॉक्टरले वाटते. नर्सले नाई वाटत."

मग म्हणाल्या, "एक होती. पोरगी झाली तिले. पुराच्या आधी नदीपार माहेरी गेली अन् मग माझी बदली आली. तिच्या घरी जायचं राह्यलंच." आणि त्या उठून आत गेल्या. सुमनविषयी बोलताना त्यांचा पदर डोळ्याला का जातो, हे मला त्या दिवशी कळलं.

नाटकातली सुमन म्हणजे धाकट्या भावाची बायको. दुसऱ्या अंकाच्या शेवटी भर पावसात तिला घराबाहेर काढतात. तिसरा अंक पंचवीस वर्षांनंतरचा. भावाभावांचा जमिनीचा दावा, एक बदमाश सावकार, मधून मधून हसवणारा हवालदार, आणि शेवटी एक तडफदार वकीलबाई येऊन सावकाराचं कारस्थान उघडं पाडते. भाऊ एकमेकांच्या गळ्यात पडतात. जाऊ रडते. पडदा पडतो. आणि सुमन कुठे आहे, हे त्या घरातलं एक माणूस विचारत नाही.

बाईंनी ते विचारलं. त्या कागदावर लिहीत, मी ऑफिसातून आलो की ते मला वाचून दाखवत आणि मी मोबाइलवर टाइप करून 'सुमनची खबर' नावाच्या ग्रुपवर टाकी. गल्लीतल्या बायका, बाईंच्या जुन्या नर्स मैत्रिणी, धानोऱ्याकडच्या एका गावात आरोग्याचं काम करणारी आशाताई, रेशन दुकानदार असे सगळे त्यात होते. टाइप करताना मी एकदा माझ्या अकलेनं एका झाडाची उपमा घातली. बाईंनी ती वाचली आणि म्हणाल्या, "हे झाड काऊन उगवलं इथी?" त्यानंतर मी फक्त टाइपच करत आलो.

बाईंचे नियम कडक होते. लेखकानं मारलेल्या माणसाला जिवंत करायचं नाही. जिवंत ठेवलेल्याला मारायचं नाही. रंगमंचावर जे झालं ते झालं. आपण फक्त विंगेत काय झालं आणि पडद्यानंतर काय झालं तेवढं बघायचं. आणि सर्वांत जाचक नियम म्हणजे सुमनचं गरोदरपण खऱ्या वेगानं चालायचं. दिवाळीनंतर सातवा, म्हणजे बाळंतपण संक्रांतीकडे. ग्रुपवर लोक कासावीस होत. रेशन दुकानदार लिही, "बाई, आता तरी करा मोकळी." बाई उत्तर पाठवत, "घाई केली तं पिल्लू कमी वजनाचं होते."

आमच्या मुलीला नागपूरला फोनवर हे सांगितलं तर ती म्हणाली, "बाबा, याला फॅन फिक्शन म्हणतात. जगभर लाखो लोक लिहितात." मी हे मोठ्या थाटात बाईंना जाऊन सांगितलं.

"लाखो?" बाई म्हणाल्या. "मग बरं आहे. मले वाटलं मीच एकटी पागल."

यातून त्यांना मिळत काय होतं, असं मला पहिल्या पहिल्यांदा वाटे. मग एक दिवस धानोऱ्याहून एसटीनं एक डबा आला. जंगलातला डिंक आणि चारोळी घालून केलेले लाडू. वर चिठ्ठी, "सुमनताईच्या बाळंतपणासाठी." पाठोपाठ आशाताईचा फोन आला. त्यांच्या गावात बाईंचा प्रत्येक भाग ती मोठ्यानं वाचते आणि गोंडीत सांगते. आणि सांगता सांगता म्हाताऱ्यांनी त्यात भर घातली आहे. त्यांच्या गोष्टीत सुमन चालत चालत त्यांच्याच गावाच्या पाटलाच्या घरी पोहोचली आहे आणि मोहफुलं वेचायलाही जाते आहे.

बाईंनी फोन ठेवला आणि बराच वेळ त्या काट्याची झोळी घडी करत, उलगडत बसल्या.

"माझ्याच्या पुढचं लिहून राह्यले ते," त्या म्हणाल्या. मला एकदा बढती मिळाली होती तेव्हा मी आरशासमोर उभा राहिलो होतो. पण असा चेहरा माझा झाला नव्हता.

संक्रांतीच्या आधी सुमनच्या कळा सुरू झाल्या. जंगलातलं उपकेंद्र, कंदील, बाहेर बैलगाडी. बाईंनी भाग तिथं थांबवला, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी स्कूटरवरून लेखक आले.

खुद्द नाटकाचे लेखक. गळ्यात मफलर, कपाळावर आठी. वडशात त्यांना सगळे ओळखत. मी रजेवर होतो म्हणून व्हरांड्यातच होतो. बायकोही काही कामानं खाली आली होती. त्यांना बघून ती चहा ठेवायला बाईंच्या स्वयंपाकघरात गेली.

"नर्सबाई तुम्हीच का?"

"हो जी. बसा. ताप आहे का?"

"ताप तुम्हीच देऊन राह्यल्या मले," लेखक बसत म्हणाले. "परवाच्या प्रयोगाले पडदा पडला तं लोक उठेच नाई. म्हणतात, सुमनचं काय झालं ते सांगा. कमिटीचा अध्यक्ष माझी कॉलर धरून विचारते, पोरगा झाला का पोरगी. मले काय माहीत?"

बाईंना खरंच आश्चर्य वाटलं. "तुम्हाले नाई माहीत? तुम्हीच तं काढलं तिले घराबाहेर."

लेखकांचा चेहरा लाल झाला. "हे पाहा बाई, नाटक माझं आहे. सुमन माझी आहे. माझ्या पात्राले हात नका लावू. बस झालं."

मला वाटलं बाई आता बोलतील. उपकेंद्रात दारू पिऊन आलेल्या नवऱ्यांना त्यांनी चपलेनं बाहेर काढल्याच्या गोष्टी मी ऐकल्या होत्या. पण त्या उठून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "बरोबर आहे तुमचं भाऊ. पोरगी तुमची आहे. तुम्ही नाई म्हणालात तं मी नाई लिहीत."

लेखक भांडायच्या तयारीनं आले होते. भांडण न मिळाल्यानं चहा न घेताच गेले.

मी ग्रुपवर टाइप केलं, "लेखकभाऊंनी मनाई केली आहे. सुमन त्यांची आहे. यापुढे भाग येणार नाही." त्यावर जे आलं ते सगळं इथं लिहिण्यासारखं नाही. नर्स मैत्रिणींनी कळा सुरू असताना केस सोडून जाणं हे खात्याच्या नियमात बसत नाही, असं कळवलं. रेशन दुकानदारानं नुसता हात जोडल्याचा फोटो पाठवला. 

बाई सुकल्या. नाटकाला जाणं बंद. वांगी तोलणं बंद. लाडवांचा डबा फडताळात तसाच. मी एकदा सहज म्हटलं, बाई, एक चाखून बघू का, तर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुढचे दोन दिवस मागच्या जिन्यानं ये-जा केली. "बाळंतिणीचे आहेत ते," एवढंच म्हणाल्या.

मला एक युक्ती सुचली. कारकून म्हणजे पळवाटांचाच माणूस. मी म्हणालो, "बाई, नाव बदलू. सुमनचं कुसुम करू. गाव बदलू. मग ती तुमचीच."

"पोरीचं नाव बदलायचं," बाई म्हणाल्या, "अन् चोरून दुसऱ्याच्या घरी नेऊन बाळंत करायची? तिची तं अगोदरच चोरी म्हून बदनामी झाली, भाऊ. मी करू का तसंच?"

मी वर गेलो. माझ्या आयुष्यात मला सुचलेल्या युक्त्या एकंदरीत अशाच आहेत.

महाशिवरात्रीची मार्कंड्याची जत्रा जवळ आली तेव्हा स्कूटर पुन्हा आली. लेखकांनी या वेळी मफलर सोडून हातात धरला होता. बायको त्यांना बघून पुन्हा चहा ठेवायला आत गेली. लेखक व्हरांड्यातल्या काट्याकडे बघत बसले.

"बाई," शेवटी ते म्हणाले, "पोरगा झाला का पोरगी?"

"मनाई आहे," बाई म्हणाल्या.

"मी तुमचे सारे भाग वाचले. माझ्या बायकोच्या मोबाइलवर आहेत. ती मले जेवाले वाढते पण बोलत नाई." त्यांनी मफलरची घडी घातली. "मी सुमनले विसरलो नव्हतो जी. कंपनीत दोनच बायका. एक जाऊ झाली. दुसरी सुमन. आता तिसऱ्या अंकात वकीलबाई पाह्यजे, तं कुठून आणू? सुमन विंगेत जाऊन साडी सोडते अन् काळा कोट घालून वकीलबाई होऊन येते. तीच ते दोन्ही करते. मग शेवटी वकीलबाई उभी असताना सुमन कशी येईन? म्हून मी तिचं नावच काढलं नाई कोणाच्या तोंडून. मले वाटलं, लोकांच्या ध्यानात नाई येणार."

इथं एक सांगायला हवं. एकाच नटानं दोन कामं करायची हे आमच्याकडे नेहमीचंच. पण कोट बदलला की माणूस बदलला, असं आमचा प्रेक्षक मानतो. मघाचा हवालदार आता सासरा होऊन आला तरी त्याला ओळखायचं नाही. पोरगं ओरडलंच, "हा तं मघाचाच," तर आई त्याचं तोंड दाबते. हा इकडचा सभ्यपणा आहे. आणि बाई तर त्या बाबतीत फारच सभ्य. त्यांनी वकीलबाईचा चेहरा इतक्या प्रयोगांत कधी नीट बघितलाच नव्हता.

त्या आता स्वस्थ बसल्या. डोळे काट्यावर.

"तिसरा अंक पंचवीस वर्षांनी न?"

"हो."

"सुमनले सातवा होता. पूर्ण दिवस भरून झालं, तं लेकरू आता चोवीस वर्षं अन् दहा महिन्याचं." बाई बोटांवर मोजत होत्या. "वकील होते का जी इतक्या वयात?"

लेखक म्हणाले, "अभ्यासात हुशार असली तं होते. काऊन?"

"अन् तोंड सेम सुमनसारखं."

"आता तीच बाई आहे म्हटल्यावर सेमच..." लेखक थांबले. त्यांचा मफलर खाली पडला.

"पोरगी झाली भाऊ," बाई म्हणाल्या. "तुमच्याच नाटकात आहे ती. कोट घालून उभी आहे. कोणी तिले विचारलंच नाई, तुझी माय कोण म्हून."

मी तिथंच बसलो होतो. आकडेमोड माझा पेशा. माझ्या डोक्यात काही आलं नव्हतं. लेखक उठले, पुन्हा बसले, आणि मग आपल्या मोठ्या हातांनी तोंड झाकून हसायला लागले. हसत होते असं मी लिहितो आहे. बाईंच्या मते नव्हते.

जत्रेआधी कंपनीला एक दिवस मोकळा होता. बंद पडलेल्या एका राइस मिलच्या शेडमध्ये तालीम लागली. दिवसाढवळ्या, तोंडाला रंग नाही, सावकार लुंगीवर, हवालदार केळं खातोय, वर पत्र्याच्या भोकांतून ऊन गळतंय. बाई नवं लुगडं नेसून खुर्चीवर बसल्या होत्या, मांडीवर लाडवांचा डबा. मी त्यांच्या शेजारी. मला उगाच वाटत होतं की माझ्या मुलीचं लग्न आहे.

तिसरा अंक शेवटाला आला. भाऊ एकमेकांच्या गळ्यात पडले. एरवी इथं पडदा पडे. आता थोरला भाऊ वकीलबाईकडे वळला.

"पोरी, तू आमचं घर जोडलं. तुझ्या मायचं नाव काय?"

वकीलबाईनं कोटाचं वरचं बटण लावलं. "सुमन."

शेडमध्ये हार्मोनियमवाल्याचा हात थांबला. तिथं एक स्वर द्यायचा होता, तो द्यायचं तो विसरला. धाकटा भाऊ म्हणजे पंचवीस वर्षांपूर्वी खांबाला टेकून उभा असलेला तो नवरा. त्याला इथं वाक्य नव्हतं. तो तसाच हळूच खाली बसला.

आणि खुर्चीवरून बाईंनी विचारलं, "आहे न वो तुझी माय अजून?"

तालमीत प्रेक्षकानं बोलायचं नसतं. लेखकांनी मान वर केली. पण त्या नटीनं, ती खरीच मोठी कलावंत, बाईंकडे वळून वकिलीच्याच आवाजात उत्तर दिलं:

"आहे जी. धानोऱ्याकडे राह्यते. तिनंच शिकवलं मले."

लेखकांनी ते तिथल्या तिथं कागदावर उतरवलं. आज तो प्रश्न थोरल्या भावाच्या तोंडी आहे, आणि गावोगाव त्या उत्तरावर मंडप उठून उभा राहतो.

तालीम संपल्यावर ती नटी कोट हातात घेऊन बाईंपाशी आली. जवळून बघितली तर माझ्या बायकोच्याच वयाची असेल. म्हणाली, "इतके प्रयोग केले बाई. दर खेपेले विंगेत साडी सोडली की वाटे, सुमनले मीच टाकून चालली. ती भिजलेली साडी खुंटीवर टांगून मी कोट घाले. आता तिची पोट्टी म्हून घालीन."

बाईंनी डबा तिच्या हातात दिला. "बाळंतिणीचे आहेत. खा. उशीर झाला जरा."

लेखक म्हणाले, माइकवर तुमचं नाव सांगतो. बाई म्हणाल्या, "माझं नका सांगू. नाटक तुमचं, पोरगी तुमची. एक प्रयोग धानोऱ्याकडे लावा तेवढा." मला राग आला. मी म्हणालो, बाई, एवढं केलं आणि नाव नको? त्यांनी माझ्याकडे लहान पोराकडे बघावं तसं बघितलं. "भाऊ, लिहून राह्यली तवा कोणी लाडू पाठवले, कोणी भांडलं. लेखकाची बायको त्याच्याशी बोले नाई. अजून काय पाह्यजे माणसाले?"

धानोऱ्याकडचा प्रयोग लागला. बाईंना तिथल्या लोकांनी पुढच्या चादरीवर बसवलं, आणि आशाताई एकेक वाक्य मागच्या म्हाताऱ्यांना गोंडीत सांगत होती. वकीलबाईनं नाव सांगितलं तेव्हा एक म्हातारी उठून म्हणाली, तिला आम्ही ओळखतो, ती आमच्याच गावात राहते. लोकांनी मान डोलावली. बाईंनी मागे वळून माझ्याकडे बघितलं. ते बघणं मी कोणाला विकणार नाही.

आता आमची बदली चंद्रपूरला झाली आहे. बाई वडशालाच आहेत. त्यांच्या गोष्टी टाइप करायला त्यांना दुसरा भाडेकरू मिळाला आहे, आणि तो माझ्यापेक्षा बरा आहे असं त्या मला फोनवर मुद्दाम सांगतात. सध्या त्या सावकाराच्या बायकोमागे लागल्या आहेत. ती नाटकात दिसतच नाही, नुसती आतून खोकते. मी मात्र ऑफिसात, लग्नात, बसमध्ये कोणीही ते नाटक काढलं की सांगतो: तिसऱ्या अंकाचा शेवट टाइप करणारा मीच. हे खरं नाही, त्या शेवटच्या वेळी मी काहीच टाइप केलं नव्हतं, पण शेजारी बसलो होतो.

हे सगळं लिहून झाल्यावर बायकोला वाचायला दिलं. तिनं शेवटपर्यंत वाचलं, चष्मा काढला, पुसला.

"बाई चांगल्या उतरल्या," ती म्हणाली. "पण यात मी चहा ठेवायले आत जाते, अन् मग बाहेरच येत नाई. मी बी होती न त्या ग्रुपात. मोबाइल मसाल्याच्या डब्याले टेकवून वाचत होती, अन् त्या कळा सुरू झाल्या तवा तुमच्या भाताले खाली लागलं होतं. आता माझं आतलं कोण लिहिते, तुम्ही का बाईले सांगू?"